हेन्री कोल आणि नाताळचे पहिले शुभेच्छापत्र

ईद जवळ आली, की पूर्वी दुकानांबाहेर दोऱ्यांवर रंगीत ईदकार्डे टांगलेली दिसत. कोणावर चंद्रकोर असे, कोणावर मशिदीचे मिनार, तर कोणावर गुलाबाची फुले. दिवाळीच्या कार्डावर पणती असे आणि नाताळच्या कार्डावर बर्फात बसलेला लाल छातीचा पक्षी. आता बहुतेक शुभेच्छा मोबाइलवरून जातात. पण चित्रे तीच राहिली आहेत. ही चित्रे केवळ शोभेची नसतात. चंद्रकोर रमजानचे रोजे पूर्ण झाल्याची वार्ता देते. पणती अंधार दूर झाल्याचे सांगते. जे सांगायला चार ओळी लागतील, ते एक चित्र न बोलता सांगते. अशा चित्राला प्रतीक म्हणतात.

नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र 1843 साली इंग्लंडमध्ये तयार झाले. ते तयार करवून घेणाऱ्या गृहस्थांचे नाव सर हेन्री कोल.

हेन्री कोल यांचा जन्म 15 जुलै 1808 रोजी इंग्लंडमधील बाथ या शहरात झाला. त्यांचे वडील सैन्यात अधिकारी होते. घरची स्थिती बेताचीच होती. लंडनमधील क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत हेन्रीचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो सरकारी कागदपत्रांच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. दिवसभर जुनी दस्तऐवजे उतरून काढायची आणि उरलेल्या वेळात चित्रकला शिकायची, असा त्याचा क्रम होता. डेव्हिड कॉक्स या नामवंत चित्रकारापाशी त्याने जलरंगांचे धडे घेतले.

त्या कचेरीचा कारभार फार ढिला होता. देशाच्या इतिहासाची मौल्यवान कागदपत्रे ओलसर जागी कुजत पडली होती. कोल यांनी ही गोष्ट उघडपणे मांडली. त्याबद्दल त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. पण ते डगमगले नाहीत. 1836 साली पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. कागद कुरतडून मेलेला एक वाळका उंदीरही पुरावा म्हणून जपून ठेवण्यात आला. तो ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहे! 1838 साली सरकारी दस्तऐवजांसाठी नवे कार्यालय स्थापन झाले आणि कोल यांना तेथे मानाची जागा मिळाली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये टपालाच्या सुधारणेची चळवळ चालू होती. त्या काळी पत्राचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्यालाच द्यावा लागे. अंतर जितके लांब आणि कागद जितके जास्त, तितके पैसे अधिक. गरीब माणसे आलेले पत्रही परत पाठवीत. रोलंड हिल यांनी यावर उपाय सुचवला. पत्र देशात कोठेही जावो, पाठवणाऱ्याने आधीच एक पेनी भरावी, असा तो उपाय होता. कोल यांनी या कामात हिल यांना मनापासून साथ दिली. 1840 साली पेनी टपाल सुरू झाले आणि त्याच वर्षी जगातले पहिले टपाल तिकीट निघाले. गरीब आईलाही दूरच्या मुलाला पत्र धाडणे परवडू लागले.

पत्रे स्वस्त झाली, तशी ती वाढलीही. नाताळ आणि नवे वर्ष यांच्या निमित्ताने आप्तांना पत्र लिहिण्याची तेथे रीत होती. आलेल्या पत्राला उत्तर न देणे असभ्यपणाचे समजले जाई. कोल यांचा मित्रपरिवार मोठा आणि कामे तर त्याहून जास्त. 1843 चा डिसेंबर आला आणि पत्रांचा ढीग पाहून ते काळजीत पडले. मग त्यांना एक युक्ती सुचली. एकच सुंदर चित्र काढून घ्यावे, त्याच्या प्रती छापाव्यात, वर मित्राचे नाव आणि खाली आपले नाव लिहून त्या धाडाव्यात!

त्यांचे मित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली हे चित्रकार होते. त्यांनी चित्र काढून दिले. शिळाछापावर सुमारे एक हजार प्रती निघाल्या. रंगीत छपाई तेव्हा सोपी नव्हती, म्हणून प्रत्येक प्रत हाताने रंगवण्यात आली. कोल यांना लागणाऱ्या प्रती काढून उरलेल्या एक शिलिंगाला एक याप्रमाणे विकायला ठेवल्या.

या शुभेच्छापत्रावर काय होते? वेलीने वेढलेल्या फांद्यांची एक चौकट होती. त्या चौकटीचे तीन भाग होते. मधल्या मोठ्या भागात एक कुटुंब मेजाभोवती बसले होते. त्यात आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले अशा तीन पिढ्या होत्या. डाव्या बाजूला भुकेल्यांना अन्न दिले जात होते. उजव्या बाजूला उघड्या माणसाला वस्त्र पांघरले जात होते.

या रचनेचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. मधले चित्र आनंदाचे आहे. पण तो आनंद एकटा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना दान उभे आहे. दाराबाहेर कोणी उपाशी असेल, तर आतली मेजवानी पुरी होत नाही, असे जणू ते चित्र सांगते. तिन्ही चित्रांना वेलीची एकच चौकट आहे, म्हणजे सुखी घर आणि दुःखी शेजारी यांचे नाते तुटलेले नाही. इंग्लंडमध्ये 1840 नंतरची वर्षे गरिबांसाठी फार हलाखीची होती. त्याच डिसेंबरमध्ये चार्ल्स डिकन्स यांची ‘ए ख्रिसमस कॅरोल’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यातही एका कंजूष माणसाला गरिबांची कणव कशी आली, हे सांगितले आहे. आपल्याकडे ईदच्या नमाजापूर्वी गरिबांना फित्रा देतात, त्यामागेही हाच विचार आहे. सण सर्वांचा व्हावा, कोणी वंचित राहू नये.

तरीही या चित्रावर टीका झाली. मधल्या चित्रात मंडळींच्या हाती मद्याचे पेले होते आणि एका लहान मुलीच्या ओठांनाही पेला लावलेला होता. दारूबंदीसाठी झटणाऱ्या लोकांना ही गोष्ट अजिबात रुचली नाही. लहान मुलांपुढे असा कित्ता ठेवणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दानाची दोन चित्रे बाजूला राहिली आणि चर्चा पेल्याचीच झाली. एक शिलिंग म्हणजे बारा पेनी. पत्र धाडायला एक पेनी आणि कार्डाला बारा! साहजिकच सामान्य माणूस ते घेऊ शकला नाही.

पण कल्पना मेली नाही. पुढे रंगीत छपाई स्वस्त झाली, टपालाचे दरही आणखी उतरले आणि शुभेच्छापत्रे घरोघरी जाऊ लागली. त्यांवर नवी प्रतीके आली. कडक हिवाळ्यातही हिरवे राहणारे हॉली हे झुडूप न संपणाऱ्या आशेची खूण ठरले. लाल छातीचा रॉबिन पक्षी तर फारच लोकप्रिय झाला. त्या वेळी टपालवाले लाल कोट घालत, म्हणून लोक त्यांना रॉबिन म्हणत. कार्डावरचा रॉबिन म्हणजे निरोप घेऊन आलेला टपालवालाच!

चांगली कला केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहू नये, असे कोल यांना वाटे. फेलिक्स समर्ली या टोपणनावाने त्यांनी मुलांसाठी सचित्र पुस्तके काढली. चहाच्या भांड्यांचा त्यांचा नमुना बक्षीसपात्र ठरला. 1851 साली लंडनला जे भव्य जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. साठ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. प्रदर्शनातून उरलेल्या पैशातून जमीन घेण्यात आली. तेथे 1857 साली साउथ केन्सिंग्टन संग्रहालय उघडले आणि कोल त्याचे प्रमुख झाले. कामगारांना दिवसा सवड नसते, म्हणून त्यांनी गॅसचे दिवे लावून संग्रहालय रात्रीही उघडे ठेवले. हेच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय झाले. तेथे काम केलेले जॉन लॉकवुड किपलिंग 1865 साली मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिक्षक म्हणून आले.

1875 साली कोल यांना सर ही पदवी मिळाली. 18 एप्रिल 1882 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पहिल्या शुभेच्छापत्राच्या थोड्याच प्रती आज उरल्या आहेत. 2001 साली त्यांतली एक प्रत वीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. ती कोल यांनी आपल्या आजीला पाठवलेली होती.

किंमत आजच्या खरेदीदाराने ठरवली. त्या आजीला मात्र नातवाने आठवण ठेवली, एवढेच मोलाचे वाटले असेल. शुभेच्छापत्र लहान असो वा मोठे, त्यामागे आठवण असावी आणि आनंदात दुसऱ्याचा वाटा असावा. पहिल्या शुभेच्छापत्राची ही शिकवण आजही जुनी झालेली नाही.

शब्दार्थ
प्रतीक – खूण, निशाणी
दस्तऐवज – महत्त्वाचा लेखी कागद
शिळाछाप – दगडावरून केलेली छपाई
हलाखी – गरिबीची अवस्था
कणव – दया
कित्ता – अनुकरणासाठी ठेवलेला नमुना

स्वाध्याय
1. कोल यांना नोकरीवरून का काढण्यात आले?
2. पहिल्या शुभेच्छापत्रावरील तीन चित्रांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
3. दारूबंदीवाल्या लोकांची टीका तुम्हांला पटते का? कारण लिहा.
4. ईदसाठी एक शुभेच्छापत्र तयार करा. त्यावर काढलेल्या प्रतीकाचा अर्थ मागच्या बाजूला दोन वाक्यांत लिहा.