हेल्महोल्ट्झ : बेडकाच्या पायावर नसांचा वेग मोजणारे डॉक्टर, ज्यांची पद्धत आज जीबीएसच्या तपासणीत वापरतात

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि अनेक घरांमध्ये एक नवा शब्द पोहोचला : एनसीव्ही. हातापायाला छोटे-छोटे शॉक देऊन स्क्रीनवर आलेख बघायची ती टेस्ट. पूर्ण नाव नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतून सिग्नल किती वेगाने जातो त्याचं मोजमाप.

हा वेग मोजता येतो हे सगळ्यात आधी दाखवलं ते हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० साली. त्यांचं नाव आपण फिजिक्सच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण मूळचे ते डॉक्टर. तेही नाइलाजाने झालेले!

डॉक्टर का झाले?

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ चा, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममधला. वडील शाळेत शिक्षक. मुलाला फिजिक्स शिकायचं होतं, पण शिक्षकाच्या पगारात ते परवडणारं नव्हतं. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत मात्र फुकट शिकता यायचं. अट एकच, नंतर आठ वर्षं सैन्यात डॉक्टरकी करायची. १८३८ मध्ये ते तिथे दाखल झाले.

तिथे शरीरशास्त्राचे मोठे प्राध्यापक योहानेस म्युलर त्यांना गुरू म्हणून लाभले. नसेतल्या सिग्नलचा वेग माणसाला बहुधा कधीच मोजता येणार नाही, असं या म्युलर यांचं मत होतं. त्या काळी बहुतेकांना तसंच वाटायचं. पायाला चटका बसला की लगेच कळतं, मग मध्ये मोजायला वेळ उरतोच कुठे?

सैन्यात असतानाच, १८४७ मध्ये, हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध लिहिला. जर्मनीतल्या प्रमुख नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, म्हणून तो वेगळी पुस्तिका म्हणून छापावा लागला. पुढे तोच विज्ञानाचा पाया ठरला. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी शब्द टाकल्यामुळे सैन्यातून त्यांची मुदतीआधीच सुटका झाली. १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्गला शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी ओल्गा यांच्याशी त्यांचं लग्नही झालं.

बेडकाचा पाय आणि दोन मिलिसेकंद

क्योनिग्सबर्गच्या त्या हिवाळ्यात त्यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या नसेसकट काढून उपकरणाला जोडला. नसेला शॉक दिला की त्याच क्षणी विजेचं एक सर्किट सुरू व्हायचं, आणि स्नायू आकसून वजन उचललं गेलं की ते तुटायचं. मधल्या वेळात गॅल्व्हानोमीटरची सुई जितकी हलली, तितका वेळ गेला.

पण यात स्नायूला आकसायला लागणारा वेळही मिसळलेला होता. तो वेगळा कसा काढायचा? हेल्महोल्ट्झ यांनी शॉक दोन ठिकाणी दिला, एकदा स्नायूजवळ आणि एकदा त्यापासून पाच-सहा सेंटिमीटर लांब. स्नायू तोच असल्याने त्याला लागणारा वेळही तोच. त्यामुळे वजाबाकी केली की उरतो तो फक्त नसेतल्या प्रवासाचा वेळ. तो निघाला साधारण दीड ते दोन मिलिसेकंद, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २५ ते ३८ मीटर. एखाद्या एक्स्प्रेस गाडीइतका! प्रयोगांच्या नोंदी घ्यायला ओल्गा मदत करायच्या. विज्ञानाच्या इतिहासात हे नाव जरा जास्त वेळा यायला हवं होतं, असं मला वाटतं.

जानेवारी १८५० मध्ये त्यांनी छोटं टिपण बर्लिनला पाठवलं. पण ते इतकं किचकट होतं की मित्र द्यु बॉइस-रेमोंड यांना ते समजून घ्यायला कष्ट पडले आणि इतरांसाठी सोपं करून द्यावं लागलं. खुद्द वडिलांनाही पटेना. मनात विचार येणं आणि शरीराने हालचाल करणं यात अंतर असतं, हे त्या तत्त्वज्ञानप्रेमी शिक्षकाला मानवणारं नव्हतं. मुलाने सामान्य लोकांना समजावताना देवमाशाचं उदाहरण वापरलं : इतक्या लांब प्राण्याच्या शेपटीला जखम झाली तर मेंदूला बातमी कळायला सेकंदभर लागेल.

मग त्यांनी पद्धत बदलली. फिरत्या नळकांड्यावर स्नायूच स्वतःची रेघ काढेल अशी सोय केली. एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या दोन रेघा दिसल्या की गणित न येणाऱ्यालाही उशीर दिसायचा. आज एनसीव्हीच्या स्क्रीनवर दिसतात त्या याच रेघांच्या पणत्या.

माणसाचा अंगठा

१८६० च्या दशकात निकोलाय बाक्स्ट यांच्याबरोबर त्यांनी माणसावर प्रयोग केले. हाताच्या मुख्य नसेला मनगटाशी आणि वर दंडाजवळ शॉक द्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू कधी हलतो ते बघायचं. आजही लॅबमध्ये हेच होतं, तीच नस आणि तोच स्नायू. थंड नसेत सिग्नल हळू जातो, हेही हेल्महोल्ट्झ यांना आढळलं होतं. म्हणूनच आज टेस्टआधी गार पडलेला हात गरम करून घेतात. नाहीतर निरोगी माणसाचाही रिपोर्ट मंद येईल.

जीबीएसमध्ये हे का लागतं?

जीबीएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते, बऱ्याचदा जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता.

नस म्हणजे वायर समजा. वरचं आवरण खराब झालं तर सिग्नल पोहोचतो, पण रखडत, किंवा मध्येच अडतो. निरोगी हातात वेग साधारण सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो, इथे तो बराच खाली येतो. आतली तारच खराब झाली असेल तर वेग जवळपास ठीक दिसतो, पण आलेखाची उंची घटते. कॅम्पिलोबॅक्टरनंतर हा दुसरा प्रकार जास्त दिसतो.

आता घरच्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट. पेशंटला उभं राहता येत नाही आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल! पहिल्या काही दिवसांत असं होऊ शकतं, कारण बिघाड अनेकदा मणक्याजवळच्या मुळांपासून सुरू होतो आणि नेहमीचं मोजमाप हातापायावरचं असतं. म्हणून डॉक्टर एफ-वेव्ह बघतात, म्हणजे पाठीच्या कण्यापर्यंत जाऊन परत येणारा सिग्नल. गरज पडली तर एक-दोन आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करतात. मात्र लक्षणं स्पष्ट असतील, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार रिपोर्टसाठी थांबवत नाहीत.

पुढे काय झालं?

हेल्महोल्ट्झ यांनी याच काळात डोळ्याच्या आत बघायचं ऑफ्थॅल्मोस्कोप बनवलं आणि त्याने ते युरोपभर गाजले. पुढे बॉन, मग हायडेलबर्ग. १८५९ मध्ये ओल्गा वारल्या. १८७१ मध्ये बर्लिनला अखेर ते फिजिक्सचे प्राध्यापक झाले, तेव्हा वय होतं जवळपास पन्नास. रेडिओ लहरी दाखवणारे हाइनरिश हर्ट्झ हे त्यांचे विद्यार्थी.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाहून परतताना ते जहाजाच्या जिन्यावरून पडले आणि डोक्याला मार लागला. पुढच्या जुलैमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी ते गेले. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी अचानक पाय लुळे पडलेल्या दोन सैनिकांची हकिकत छापली ती १९१६ मध्ये, म्हणजे त्यानंतर बावीस वर्षांनी.