हृदय-फुप्फुस यंत्राचे जनक डॉ. जॉन गिबन

हृदयावरील खुली शस्त्रक्रिया आज जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत नित्याची झाली आहे. अशा शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे हृदय आणि फुप्फुसे यांचे कार्य बहुधा शेजारी ठेवलेले एक यंत्र पार पाडीत असते. या यंत्राच्या आधारे हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया करण्याचा मान अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. जॉन हेशम गिबन यांचा आहे. या यशासाठी त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ वेचला आणि ते हाती आल्यानंतर लवकरच स्वतःहून थांबण्याचा निर्णयही घेतला.

गिबन यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०३ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांच्या घराण्यात वैद्यकीय व्यवसाय अनेक पिढ्यांपासून चालत आला होता. तरुणपणी लेखनाकडे ओढा असल्याने वैद्यकीय शिक्षण सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. मात्र वडिलांच्या सल्ल्यावरून त्यांनी ते पूर्ण केले. १९२७ मध्ये फिलाडेल्फियाच्याच जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले.

पुढे बोस्टन येथे डॉ. एडवर्ड चर्चिल यांच्या हाताखाली संशोधन करीत असताना त्यांच्यावर एका महिला रुग्णाच्या देखरेखीची जबाबदारी आली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत रक्ताची मोठी गुठळी अडकली होती. गिबन रात्रभर तिच्या नाडीची व रक्तदाबाची नोंद घेत बसले. प्रकृती ढासळताच चर्चिल यांनी सुमारे साडेसहा मिनिटांत गुठळी काढली, परंतु रुग्ण वाचली नाही. तिचे निळसर पडलेले रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते पुन्हा धमनीत सोडता आले असते, तर शस्त्रक्रियेला पुरेसा अवधी मिळाला असता, हा विचार त्याच रात्री त्यांच्या मनात रुजला.

ही कल्पना त्या काळी फारशी कोणाला व्यवहार्य वाटली नाही. चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मेरी हॉपकिन्सन यांच्याशी गिबन विवाहबद्ध झाले आणि संशोधनात त्या त्यांच्या बरोबरीच्या सहकारी ठरल्या. जुन्या बाजारातून थोडक्या डॉलरांत घेतलेला हवेचा पंप आणि रबरी बुचांपासून बनविलेल्या झडपा, अशा साधनांनी काम सुरू झाले. प्रयोगांसाठी बोस्टनच्या रस्त्यांवरील भटकी मांजरे पकडून आणली जात. यंत्रात रक्त गोठू नये यासाठी हेपॅरिन हे औषध उपयोगी पडले. १९३५ मध्ये फुप्फुसधमनी पूर्णपणे बंद करूनही मांजराला यंत्राच्या आधारे जिवंत ठेवण्यात या दांपत्याला यश आले.

मात्र मांजर आणि माणूस यांच्या रक्ताच्या प्रमाणात फार मोठा फरक आहे. फिरत्या नळकांड्याच्या आतील बाजूवर रक्ताचा पातळ थर पसरवून त्यात प्राणवायू मिसळण्याची पद्धत माणसासाठी वापरायची, तर नळकांडे अवाढव्य करावे लागले असते. पंपाच्या दाबाखाली रक्तपेशी फुटू न देणे आणि रक्तात हवेचा बुडबुडा शिरू न देणे, हेही तितकेच महत्त्वाचे होते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेमुळे हे काम काही वर्षे थांबले.

१९४६ मध्ये गिबन जेफरसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपले अभियंते त्यांच्या मदतीला दिले. तारेच्या उभ्या जाळ्यांवरून रक्त वाहू दिल्यास ते घुसळले जाते आणि कमी जागेत अधिक प्राणवायू शोषून घेते, असे प्रयोगांत आढळले. त्यामुळे माणसाला पुरेल असे यंत्र बनविणे शक्य झाले.

१९५२ मध्ये पंधरा महिन्यांच्या एका बालिकेवर यंत्राचा वापर करण्यात आला, पण ती दगावली. हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचे निदान चुकीचे होते, हे शवविच्छेदनानंतर स्पष्ट झाले. त्यानंतर ६ मे १९५३ रोजी गिबन यांनी १८ वर्षांच्या एका तरुणीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र शिवून बंद केले. त्या वेळी २६ मिनिटे तिचे संपूर्ण रक्ताभिसरण यंत्रावर अवलंबून होते. ती पूर्णपणे बरी झाली.

जुलै १९५३ मध्ये मात्र पाच वर्षांच्या दोन मुली शस्त्रक्रियेनंतर वाचू शकल्या नाहीत. यंत्रात आणखी सुधारणा होईपर्यंत त्याचा वापर थांबविण्याचे गिबन यांनी ठरविले. कीर्ती दाराशी आली असताना घेतलेला हा निर्णय त्यांच्या स्वभावाची साक्ष देतो. त्यांनी आपली माहिती मात्र हातची राखली नाही. मेयो क्लिनिकचे डॉ. जॉन कर्कलिन यांनी त्यांच्याच आराखड्यांच्या आधारे सुधारित यंत्र तयार करविले आणि १९५५ मध्ये त्याचा वापर सुरू केला. त्यांच्या पहिल्या आठ रुग्णांपैकी चार वाचले. त्यानंतर खुल्या शस्त्रक्रियेचा प्रसार वेगाने झाला.

शरीराबाहेर रक्ताभिसरण चालविता येते हे सिद्ध झाल्यावर पुढील वाटा खुल्या झाल्या. दुर्बल हृदयाच्या डाव्या कप्प्याला साहाय्य करणारा पंप १९६० च्या दशकात रुग्णांवर वापरला जाऊ लागला. अतिदक्षता विभागातील एक्मो यंत्र हे तर गिबन यांच्या यंत्राचेच पुढचे रूप होय. फुप्फुसधमनीत गुठळी अडकलेल्या अत्यवस्थ रुग्णांनाही आता त्याचा आधार देता येतो. गिबन यांचे यंत्र काही मिनिटांसाठी होते. आजचे हृदय-साहाय्यक पंप रुग्णाला काही वर्षेही साथ देतात.

गिबन यांना १९६८ मध्ये लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. निवृत्तीनंतरचा काळ त्यांनी चित्रकलेच्या छंदात घालविला. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांनी ज्या तरुणीवर शस्त्रक्रिया केली होती, ती त्यानंतरही अनेक वर्षे हयात होती.