भयावर मात करणारी करुणा : बाबा आमटे

कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जात होते, त्या काळात चांदा जिल्ह्यातील वरोरा येथील एका वकिलाने कुष्ठरुग्णांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुण्यास प्रारंभ केला. मुरलीधर देवीदास आमटे हे त्यांचे नाव. पुढे सारा देश त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागला.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या इंग्रज सैनिकांना त्यांनी एकट्याने अडवले, तेव्हा महात्मा गांधींनी त्यांना 'अभय साधक' ही उपाधी दिली. १९४६ मध्ये इंदू घुले, म्हणजेच साधनाताई, त्यांच्या सहचारिणी झाल्या.

या निर्भय माणसाला भयाने गाठले ते वरोऱ्यातच. सफाई कामगारांचे दुःख समजून घेण्यासाठी ते स्वतः मैला वाहत असत. अशाच एका पावसाळी दिवशी रस्त्याच्या कडेला तुळशीराम हा मरणासन्न कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा घाबरून पळून गेले. मात्र त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, तुळशीरामला निवारा दिला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. जिथे भय आहे तिथे प्रेम राहू शकत नाही, हे त्यांना उमगले होते. पुढे कोलकात्यात कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना संशोधनासाठी त्यांनी रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले.

येशू ख्रिस्ताने कुष्ठरुग्णांना स्पर्श केल्याच्या कथा शुभवर्तमानात आहेत. त्याच श्रद्धेने बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ मध्ये मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांत राहण्यास गेले आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने मरण पावले. भारतातही कुष्ठसेवेचा मोठा भार ख्रिस्ती मिशनऱ्यांनी वाहिला. बाबा ख्रिस्ती नव्हते, तरीही त्यांची वाट याच करुणेच्या जवळून जाणारी होती. १९८३ मध्ये त्यांना डेमियन-डटन पुरस्कार मिळाला.

मात्र बाबा केवळ शुश्रूषेवर थांबले नाहीत. दानावर जगणारा माणूस मनाने पंगू होतो, असे त्यांचे मत होते. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. बोटे गमावलेल्या हातांनी विहीर खोदली, शेती पिकवली. आरंभी येथील दूध-भाजी घेण्यास गावकरी धजावत नव्हते. १९५४ मध्ये परदेशी स्वयंसेवक येथे येऊन रुग्णांसोबत राबले, जेवले. त्यानंतर लोकांची भीती हळूहळू ओसरली. पुढे अंध, मूकबधिर आणि अपंगांनाही आनंदवनाने आधार दिला. १९६७ मध्ये मूलजवळ सोमनाथ प्रकल्प उभा राहिला.

डिसेंबर १९७३ मध्ये बाबांनी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात जगाशी संपर्क तुटलेला. अशा ठिकाणी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना व शाळा चालवून बाबांचे स्वप्न साकारले.

मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहून किंवा पडून ते काम करीत. तशाही अवस्थेत १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा काढली. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे, तर १९९० मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या देहाचे दहन न करता आनंदवनाच्याच मातीत दफन करण्यात आले. समाजाने टाकलेल्या माणसांनी आपल्या श्रमाने सुपीक केलेली ती माती होती.