नामदेवरायांची पायरी

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील पहिल्या पायरीस नामदेव पायरी म्हणतात, हे आपल्या मंदिराच्या सभासद कुटुंबांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. देवाच्या दर्शनास जाणाऱ्या भक्तांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी पडावी, म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. परंतु ज्यांनी अखेरीस सर्वांच्या पायांखालची जागा मागितली, त्याच नामदेवांना तरुणपणी दुसऱ्यापुढे मस्तक लवविणे जड गेले होते. अभिमान आणि प्रथमदर्शनी बांधलेला ग्रह हे दोन अडसर त्यांच्या सुखाच्या दाराला लागलेले होते. ते कसे निघाले, एवढाच त्यांच्या चरित्राचा भाग आम्ही येथे सांगू इच्छितो.

नामदेवांचा जन्म १२७० सालचा. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे गाव मानले जाते. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा, आणि घराण्यात विठ्ठलाची उपासना. बाळपणी त्यांनी देवापुढे नैवेद्य ठेवून देवाने तो खावाच असा हट्ट धरला आणि देवाने तो खाल्ला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. अशा लाडक्या भक्ताची पंढरीत कीर्ती झाली यात नवल नाही. पण कीर्तीच्या पाठोपाठ एक सूक्ष्म भावनाही मनात शिरली. देव आपल्या हातचे जेवतो, आपल्याशी बोलतो, तेव्हा आपण इतरांहून निराळे, असे त्यांना वाटू लागले.

पुढे संतमंडळी तेर येथे गोरोबाकाका कुंभारांच्या घरी जमली. ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली ती १२९६ साली. तेव्हा त्याआधीच्या या प्रसंगी नामदेवांचे वय फार तर पंचविशीचे असावे. परंपरा सांगते की, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव व सोपानदेव यांनी नामदेवांना वंदन केले; नामदेवांनी मात्र उलट वंदन केले नाही. धाकटी मुक्ताबाई हे पाहत होती. तिने नमस्कार केला नाहीच. उलट गोरोबांना सुचविले की, आपल्या थापटण्याने येथील कोणते मडके भाजलेले व कोणते कच्चे हे पाहावे. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सारे संत स्वस्थ बसून राहिले. नामदेव तेवढे रागावले, आणि गोरोबांनी त्यांनाच कच्चे ठरविले.

नामदेव दुखावले. ते पंढरीस परतले आणि देवापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. देव आपली बाजू घेईल असा त्यांचा भरवसा होता. पण देवाने संतांचाच निवाडा खरा धरला आणि गुरूला शरण जाण्याची आज्ञा केली. जवळीक ही देवाची कृपा होती, ती काही नामदेवांची मिळकत नव्हती. हे कळण्यासाठी त्यांना औंढ्या नागनाथाची वाट धरावी लागली.

औंढ्याच्या देवळात त्यांनी काय पाहिले? एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल पहुडलेला. नामदेवांनी त्या एका दृष्टिक्षेपात त्याची किंमत करून टाकली आणि त्याला दटावले. म्हाताऱ्याने शांतपणे सांगितले की, अंगात त्राण नाही, तरी जेथे देव नसेल अशा ठिकाणी माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जेथे जेथे ठेवू लागले तेथे तेथे पिंडी दिसू लागली. ज्याला ते उद्धट समजले होते, तेच विसोबा खेचर, ज्यांच्या शोधात ते आले होते ते गुरू! नामदेव त्यांच्या चरणी लागले.

येथे विसोबांची पूर्वकथाही ध्यानात घेण्यासारखी आहे. संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानदेवादी भावंडांचा ज्यांनी छळ केला, त्यांत विसोबा पुढे होते. मुक्ताबाईला मांडे भाजण्यासाठी खापर मिळू नये, अशी तजवीज त्यांनी केली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि त्यांच्या तापलेल्या पाठीवर तिने मांडे भाजले. ते पाहून विसोबा वरमले आणि शरण आले, असे कथा सांगते. म्हणजे ज्या दुखण्यावर नामदेवांना औषध हवे होते, ते दुखणे गुरूंनी स्वतः भोगलेले होते.

आपल्या सौंसरजवळ जामसावळीस मारुतीची मूर्ती पहुडलेली आहे. आपण सारे तेथे हात जोडतो. देव आडवा का, असे म्हणून कोणी रुसत नाही. मूर्तीच्या बाबतीत जे औदार्य आपल्याला सहज साधते, ते माणसाच्या बाबतीत मात्र साधत नाही. स्थळ पाहण्यास गेलेली मंडळी चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच मुलीचा किंवा मुलाचा स्वभाव ठरवून मोकळी होतात. लग्नातील मानपानाच्या एका शब्दावरून व्याही व्याह्यांशी आणि भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाहीत. प्रत्येकाला वाटते की, दुसऱ्याने आधी नमस्कार करावा. यात कोण जिंकतो हे कळत नाही. दोन घरांतील सणवार मात्र सुने जातात. आणि जे देवळाच्या अगदी जवळ राहतात, गाभाऱ्यात ज्यांचा वावर असतो, अशा आमच्यासारख्यांनी तर नामदेवांची गोष्ट दोनदा वाचावी. कारण देवाच्या जवळिकीचा अभिमान हा सर्व अभिमानांत ओळखण्यास कठीण.

औंढ्याहून परतलेले नामदेव निराळे होते. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा कोरडी पोळी त्याला बाधेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा त्यानंतरची. म्हाताऱ्यात ज्यांना देव दिसला नव्हता, त्यांना आता कुत्र्यातही दिसला. मन मोकळे झाले आणि मुलूखही मोठा झाला. ते पंजाबापर्यंत गेले. घुमान येथे त्यांचे स्थान आजही पूजिले जाते. १६०४ साली संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली. अहंकाराने कोंडलेला पंढरीचा लाडका भक्त अवघ्या देशाचा झाला. १३५० साली त्यांनी समाधी घेतली, आणि जागा मागितली ती पायरीची.

गोरोबांच्या घरी एका थापटण्याने ज्यांचा मान दुखावला, त्यांच्यावरून आज लक्षावधी पावले जातात, आणि त्यातच त्यांना सुख वाटते. आपल्याला एवढे साधणार नाही. परंतु येत्या एकादशीला ज्यांच्याशी आपले बोलणे तुटले आहे, ते देवळात समोर आले, तर आधी हात जोडावेत. तेवढ्यानेही नामदेवरायांच्या पायरीस आपला स्पर्श झाला, असे आम्ही समजू.