बसून खायला दिलेली नोकरी न्यूटनने भलतीच मनावर घेतली

झाडाखाली बसून सफरचंद पडताना बघणारा न्यूटन सगळ्यांना माहीत असतो. पण याच न्यूटनने आयुष्याची शेवटची ३० वर्षं सरकारी टांकसाळीत नोकरी केली, आणि ती नोकरी त्याला काम करण्यासाठी दिलेलीच नव्हती.

त्या काळी इंग्लंडमध्ये अशा पदांची कमी नव्हती. नाव मोठं, पगार भरघोस, काम जवळपास शून्य. ओळखीतल्या माणसांची सोय लावायला ही पदं कामी यायची. इंग्रजीत त्यांना सायनेक्योर म्हणतात.

तर झालं असं की, केंब्रिज सोडून लंडनला एखादं पद मिळावं म्हणून न्यूटनची बरीच वर्षं खटपट चालली होती. १६९६ मध्ये त्याचा जुना मित्र चार्ल्स माँटेग्यू अर्थमंत्री होता. त्याने ५३ वर्षांच्या न्यूटनला टांकसाळीचं वॉर्डनपद दिलं आणि पत्रातच कळवलं, की वर्षाला ५००-६०० पौंड मिळतील आणि सवड असेल तेवढंच काम करावं लागेल.

न्यूटनच्या वरच्या पदावर, म्हणजे मास्टर म्हणून, थॉमस नील होता. जेवढी नाणी पडतील तेवढं त्याला कमिशन, आणि काम मात्र हाताखालच्यांच्या गळ्यात. न्यूटननेही तेच केलं असतं तर कुणी विचारलं नसतं.

पण देशाच्या चलनाचे तेव्हा बारा वाजले होते. लोक चांदीच्या जुन्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी विकायचे. सगळी जुनी नाणी वितळवून नवीन पाडण्याचं काम नुकतंच सुरू झालं होतं. परत आलेल्या दर पाच नाण्यांतलं एक खोटं असावं, असा न्यूटनचा अंदाज होता. त्याने हिशेब तपासले, कामाचा वेग वाढवला. ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच आणि यॉर्कला तात्पुरत्या टांकसाळी निघाल्या. चेस्टरला त्याने एडमंड हॅलीला नेमलं, तोच तो धूमकेतूवाला!

खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडणं हेही वॉर्डनचंच काम. हे झंझट नको, अशी विनंती न्यूटनने सरकारला केली. ती फेटाळली गेल्यावर मात्र गडी हात धुऊन मागे लागला. खबरे नेमले, शंभरहून जास्त जबान्या घेतल्या. विल्यम चॅलोनर हा त्यातला सगळ्यात बिलंदर. टांकसाळीचा कारभारच गलथान आहे, असं तो थेट संसदेला सांगत होता. न्यूटनने साक्षीदारांची साखळी उभी केली आणि मार्च १६९९ मध्ये चॅलोनर फासावर गेला. खोटी नाणी पाडणं तेव्हा राजद्रोह मानला जायचा.

त्याच वर्षाच्या शेवटी नील वारला आणि न्यूटन मास्टर झाला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. लंडनला गेल्यावरही न्यूटनने केंब्रिजचं प्राध्यापकपद सोडलं नव्हतं. १६९६ ते १७०१ अशी पाच वर्षं तो तिथे शिकवत नव्हता, पण त्या पदाचं उत्पन्न त्याला मिळत होतं. म्हणजे टांकसाळीतली आयती खुर्ची त्याने कामाची केली आणि केंब्रिजमधली कामाची खुर्ची आयती करून टाकली. १७०१ च्या डिसेंबरात त्याने तो राजीनामा दिला. टांकसाळ मात्र १७२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही.