‘हँकी पँकी’ची जन्मदात्री

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील ‘अमेरिकन बार’ हे कॉकटेलच्या इतिहासातील मानाचे ठिकाण. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या बारची सूत्रे एका स्त्रीच्या हाती होती, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते. ॲडा कोलमन हे त्यांचे नाव. ओळखीची मंडळी त्यांना लाडाने ‘कोली’ म्हणत.

ॲडा यांचा जन्म १८७५च्या सुमाराचा. वडील एका गोल्फ क्लबमध्ये कारभारी होते. त्यांच्या निधनानंतर सॅव्हॉय उभारणाऱ्या कुटुंबातील रूपर्ट डॉयली कार्ट यांनी ॲडा यांना आपल्या क्लॅरिजेस हॉटेलात काम दिले. ते साल होते १८९९. तेथे फिशर नावाच्या सहकाऱ्याने त्यांना पहिले कॉकटेल शिकवले, ते होते ‘मॅनहॅटन’. हाताला गुण होता आणि स्वभावात आपुलकी. १९०३ साली त्या सॅव्हॉयमध्ये आल्या आणि प्रमुख बारटेंडर झाल्या.

इंग्लंडमधील पबांत बिअर भरून देणाऱ्या स्त्रिया नवीन नव्हत्या. पण त्यांच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी निर्मळ नव्हती. १९०८ साली तर स्त्रियांना या नोकरीपासून रोखण्याची वाट मोकळी करणारी तरतूद ब्रिटिश संसदेपुढे आली होती. कामगार स्त्रियांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला आणि ती बारगळली. अशा काळात एका नामांकित हॉटेलात स्वतःच्या कौशल्यावर ॲडा यांनी मान मिळवला. मार्क ट्वेन यांच्यासारखे पाहुणे त्यांच्या हातचे पेय घेऊन गेले.

विनोदी नट चार्ल्स हॉट्री हेही नेहमीचे गिऱ्हाईक. थकून आल्यावर काहीतरी जोरकस हवे, अशी त्यांची मागणी असे. ॲडा यांनी प्रयोगांत बरेच तास घालवले. जिन आणि गोड इटालियन व्हर्मूथ समप्रमाणात, त्यात मिलानच्या ‘फर्नेट-ब्रँका’ या कडवट वनौषधी मद्याचे दोनच शिंतोडे, वर संत्र्याच्या सालीचा अर्क. पहिला प्याला रिकामा करताच हॉट्री यांनी ही खरी ‘हँकी पँकी’ असल्याची पावती दिली. त्या काळी या शब्दाला हातचलाखीचा, जादूचा अर्थ होता. पेयाला तेच नाव चिकटले.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि हॅरी क्रॅडॉक हा तेथे नाव कमावलेला बारटेंडर लंडनला परतून सॅव्हॉयमध्ये रुजू झाला. १९२६ साली ॲडा निवृत्त झाल्या. पुढे १९३० साली क्रॅडॉक यांच्या नावाने ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’ निघाले. ‘हँकी पँकी’ची कृती त्यात टिकली, पण कीर्ती ग्रंथकर्त्याची झाली. ॲडा यांच्या नावावर पुस्तक नाही. १९६६ साली, नव्वदी ओलांडून त्या निवर्तल्या, तोवर जुनी कॉकटेल्सही मागे पडू लागली होती.

एखादी कृती कागदावर उतरली तरी ती करणारे हात लागतात. तसे हात पुढे आले अमेरिकेत. २००१ साली पिट्सबर्गमधील काही स्त्रियांनी नामशेष होऊ पाहणाऱ्या कॉकटेल्सच्या जतनासाठी मंडळ काढले. २००७ साली बॉस्टनमध्येही त्याची शाखा सुरू झाली. जुन्या पुस्तकांतील कृती शोधायच्या, त्या पुन्हा करून पाहायच्या आणि विस्मृतीत गेलेल्या कर्तबगार स्त्रियांचे स्मरण करायचे, असा त्यांचा परिपाठ. एकविसाव्या शतकातील कॉकटेलच्या या पुनरुज्जीवनात ‘हँकी पँकी’ पुन्हा जगभरच्या बारमध्ये पोहोचले आणि त्यासोबत ॲडा यांचे नावही.

‘अमेरिकन बार’च्या प्रमुखपदी दुसरी स्त्री यायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले. ॲडा यांनी ते पद सोडून तेव्हा पंचाण्णव वर्षे उलटली होती.