आर्मेनियाचे गीतसंग्राहक कोमितास

चवथ्या शतकाच्या आरंभींच ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या आर्मेनियन राष्ट्राच्या एका सत्पुत्राचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोमितास ह्यांचें मूळ नांव सोघोमोन. ओस्मानी साम्राज्यांतील क्यूताह्या शहरीं १८६९ सालीं त्यांचा जन्म झाला. वर्षाचे होण्यापूर्वींच आई वारली. पुढें दहा-अकरा वर्षांचे असतां पिताहि गेला. गळा मात्र गोड होता. त्यामुळें १८८१ सालीं एच्मियाद्झिन येथील धर्मविद्यालयांत ह्या पोरक्या मुलास आश्रय मिळाला. त्या वेळीं त्यास तुर्की तेवढी येई. स्वजनांची भाषा तो तेथें शिकला.

१८९५ सालीं ते वार्दापेत, म्हणजे ब्रह्मचारी धर्मगुरु, झाले. नंतर तीन वर्षें बर्लिन येथें त्यांनीं संगीतशास्त्राचें अध्ययन केलें. परंतु त्यांचे खरे गुरु खेड्यांतील शेतकरीच होत. नांगरणीचीं, लग्नाचीं, अंगाईचीं गाणीं ऐकून तीं ते स्वरलिपींत उतरून घेत. अशीं हजारों गीतें त्यांनीं जमविलीं. १९१० सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें जाऊन त्यांनीं तीनशें गायकांचें मंडळ उभारलें.

२४ एप्रिल १९१५ रोजीं त्या शहरांतील आर्मेनियन पुढाऱ्यांची व विद्वानांची धरपकड सुरू झाली. कोमितासहि चान्किरी येथें हद्दपार झाले. कांहीं दिवसांनीं त्यांची सुटका झाली; पण त्यांचे अनेक सोबती परतले नाहींत. लक्षावधि आर्मेनियन लोकांचा संहार झाला. त्या आघातानें त्यांचें मन भंगलें, तें पुन्हा सांधलें नाहीं. १९१९ सालीं त्यांना पॅरिसला नेण्यांत आलें व तेथील मनोरुग्णालयांत १९३५ सालीं त्यांचा अंत झाला.

त्यांचे पुष्कळ कागद नष्ट झाले. ज्या खेड्यांत तीं गीतें गाइलीं जात, त्यांपैकीं कित्येक ओस पडलीं. वांचलेले लोक सीरिया, लेबानन, फ्रान्स, अमेरिका अशा देशांत विखुरले. घर नाहीं, शेत नाहीं. मग आपण कोण, हें मुलांना सांगावें कसें? तेव्हां उरलेल्या सुमारें बाराशें गीतांचाच आधार झाला. शिष्यांनीं तीं छापविलीं, गायकमंडळांनीं तीं गाइलीं. त्यांनीं रचिलेलें उपासनासंगीत १९३३ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झालें व तें आजहि आर्मेनियन मंदिरांत गाइलें जातें. १९३६ सालीं त्यांचे अवशेष येरेवान येथें नेण्यांत आले. तेथील संगीतविद्यालयास त्यांचें नांव आहे.

शेतकऱ्याचें गाणें टिपून ठेवणें हें काम त्या काळीं कित्येकांस क्षुद्र वाटलें असेल. परंतु सर्वस्व लुटलें गेल्यावर तेंच एका राष्ट्राची शिदोरी ठरलें. विद्यार्थ्यांनो, घरच्या वडीलधाऱ्यांच्या मुखीं जें आहे, तें त्यांच्या हयातींतच ऐकून व लिहून ठेवा.